दोन बोटं कमी

परवानगीच्या कागदावर सतरा अटी होत्या. माझ्या लग्नात सासरच्यांनी तीनच घातल्या होत्या आणि त्यातली एकही मी धड पाळली नाही. ह्या सतरा मात्र मला तोंडपाठ होत्या. माझी शाळा चौथीत सुटली, बारीक अक्षर दिसलं की मला ती मुंग्यांची रांग वाटते. म्हणून कागद वाचायची सून आणि ऐकायची मी. दुपारी भांडी घासून झाली की ती दाराशी बसून वाचायची आणि मी सुपारी कातरत मान हलवायची.

घर रस्त्याच्या मध्यापासून सहा मीटर आत हवं. बांधावरचं जुनं झाड तोडायचं नाही, त्याच्या बुंध्यापासून दोन मीटर लांब राहायचं. छपराचं पाणी शेजाऱ्याच्या शेतात सोडायचं नाही. खोलीत उजेड किती, वारा किती, तेही लिहिलेलं. मी म्हटलं, एवढी काळजी माझ्या आईनेसुद्धा केली नाही.

आठवीपासून चौदावीपर्यंतच्या अटी आमच्या ह्यांच्यासाठी होत्या.

ह्यांना सगळे मेस्त्री म्हणतात. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, त्यातली तीस मी मागे घमेलं घेऊन उभी होते. सहा वर्षांपूर्वी एका सकाळी हातातली थापी गळून पडली ती पुन्हा धरता आली नाही. उजवं अंग गेलं. बोलणंही गेलं. एवढ्या शब्दांतून एक ‘बरं’ तेवढा मागे राहिला. भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं, मी फार बडबडले की एक लांबलचक बरं. पाच वर्षं डाव्या हातात काठी धरून पाय ओढत फिरले. गेल्या वर्षी चांगला गुडघाही रुसला आणि चाकाची खुर्ची आली.

आमच्या जुन्या दोन खोल्या शेतातच, पत्र्याच्या. उंबरा वीतभर उंच, दार इतकं अरुंद की खुर्ची बाहेर पावसापाण्यात आणि माणूस आत. संडास मागे चाळीस पावलांवर. सकाळ-संध्याकाळ मुलगा ह्यांच्या बगलेत हात घालायचा आणि मी पाय उचलायची. तिथे बसवलं की मी दाराकडे पाठ करून उभी राहायची. दार लावायची सोय नव्हती. आत तोल गेला तर? रस्त्याने जाणारं येणारं माणूस दिसलं की ह्यांची मान खाली जायची, ती मला पाठीवरून कळायची. लोकांच्या घरांना चाळीस वर्षं भिंती घातल्या आणि स्वतःला बसायला आडोसा नाही. मला घर नको होतं, महाल नको होता. मला ह्यांच्यासाठी एक दार हवं होतं, त्यांनी स्वतः लावायचं.

कागदात ते दार होतं. ह्यांची खोली जमिनीच्या पातळीला, उंबरा नाही. खोली साडेनऊ चौरस मीटरपेक्षा कमी नको. खोलीचं दार आणि आतल्या संडासाचं दार चौकटीच्या आतून नव्वद सेंटीमीटर मोकळं हवं. भिंतीला धरायला दांडा. संडासाची कडी अशी की अडीअडचणीला बाहेरूनही उघडता यावी, ही चौदावी. पंधरावी म्हणजे छत टाकण्याआधी पाहणी. आणि सोळावी त्या सगळ्यांची सासू: ह्या महिन्याच्या तीस तारखेच्या आत पाहणी पास झाली नाही तर तीन वर्षांची परवानगी संपली. मग नवा नियम लागतो, रस्त्यापासून नऊ मीटर. आमची जमीन रस्त्याकडे रुंद आणि मागे निमुळती. नऊ मीटर सोडले तर तिथे घर राहत नाही, कोंबड्यांचं खुराडं राहतं.

तीन वर्षांतली अडीच आम्ही विटा जमवण्यात घालवली. पाया भरला तेव्हा हातात तीन महिने उरले होते.

बांधायला डावरा होता. डाव्या हाताने थापी चालवतो म्हणून डावरा. पोरवयात ह्यांच्या हाताखाली विटा भिजवायला आला, आता त्याच्या मिशा पिकल्या, तरी ह्यांच्यासमोर अजून विडी ओढत नाही. त्याने टेप धरून घराच्या मधल्या भिंती आखल्या, स्वयंपाकघर आखलं, मुलासुनेची खोली आखली, माझी लहानशी खोली आखली. ह्यांच्या खोलीची पाळी आली तशी मी आत जाऊन खिळ्यावरची काठी घेऊन आले.

ती साधी काठी नव्हे. ती मेस्त्रीची मापाची काठी, बरोबर दोन हातांची. सुनेच्या भाषेत एक्याण्णव सेंटीमीटर. आमचं लग्न झालं त्या वर्षी ह्यांनी घट्ट लाकूड तासून केली, वितीवितीवर खाच घातली. तिने शाळा मोजली, दवाखाना मोजला, नाल्यावरच्या पुलाचा कठडा मोजला. बाजारात टेपा आल्या तरी हे काठीच फिरवायचे. टेप लोंबते, काठी खोटं बोलत नाही, असं म्हणायचे, बोलता येत होतं तेव्हा. अंग गेल्यावर तीच काठी चालायला हातात घेतली. खुर्ची आल्यावर ती खिळ्याला टांगली.

सून हळूच म्हणाली, “आई, ही खोलीपण टेपनेच घेऊ या ना. सगळं एका मापात राहील.”

मी म्हटलं, “ह्या काठीने पहिलं घर आखलं तेव्हा तुझ्या बापाच्या घराला पायासुद्धा नव्हता. टेप काय, कुणीही आणतं.”

माझ्या तोंडाला लागून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही, हे तिला लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. डावऱ्याने माझ्याकडे पाहिलं, काठीकडे पाहिलं आणि टेप खिशात टाकली. “काकू म्हणतील तसं.”

नकाशातले आकडे सुनेने आधीच काठ्यांत करून दिले होते. लांबी चार काठ्या, रुंदी तीन काठ्या, दार चौकटीच्या आतून एक काठी. मी काठी जमिनीवर टाकत गेले, डावरा मागून चुन्याची खूण करत गेला. गुडघे कुरकुरत होते, पण मला कुणी हात लावायला आलं असतं तर मी तोच काठीने फोडला असता. ह्यांची खोली ह्यांच्या काठीने होत होती. हे झाडाखाली खुर्चीत बसून बघत होते, आणि बघावंच म्हणून तर मी ते करत होते.

ते डावा हात वर करून दोन बोटं दाखवत होते. मी चहा पाठवला. प्याले. पुन्हा दोन बोटं. म्हटलं, दुसरा कप हवा असेल. दुसरा पाठवला. तोही प्याले, पण कप असा आदळला की कान तुटला. वर “बरं, बरं, बरं.” मी सुनेला म्हटलं, साखर कमी घातलीस वाटतं.

मग दोन महिने ऊन, धूळ आणि विटा. मुलगा लाकडाच्या वखारीत कामाला, तो संध्याकाळी येऊन वाळू चाळून द्यायचा. दिवसभर डावरा, सून आणि मी. सून विटा पाण्यात बुडवून काढायची, तिच्या बोटांची टोकं सोलून निघाली. मी चौसष्ट वर्षांची, पण घमेलं डोक्यावर घेतलं की मान आपोआप सरळ होते, तिला वय माहीत नाही. ऊन एवढं की सकाळी लावलेला थर दुपारी तडकायला बघायचा. कालव्यावरून पिंपं भरून आणून भिंतींना पाणी मारायचं. मी पाणी मारायला लागले की ओल्या विटांचा वास यायचा आणि हे झाडाखाली डोळे मिटून तो घ्यायचे.

दारांच्या वरपर्यंत भिंती आल्या तेव्हा एकोणीस तारीख होती. मुलाने पाहणीसाठी कळवलं आणि दुसऱ्याच दिवशी मापवाली आली.

मी साहेब येईल म्हणून खुर्ची पुसून ठेवली होती. आली ती माझ्या सुनेच्या वयाची पोर, पायात धुळीचे बूट, हातात साबणाच्या वडीएवढं यंत्र. ते भिंतीला टेकवलं की समोरच्या भिंतीवर तांबडा ठिपका उठायचा आणि यंत्रात आकडा. तिने झाडाच्या बुंध्यापासून घेतलं, रस्त्यापासून घेतलं, स्वयंपाकघर घेतलं. सगळीकडे मान हलवून कागदावर टिक करत गेली. ह्यांच्या खोलीत गेली आणि तिथे ठिपका दोनदा टेकवला. मग तिसऱ्यांदा.

“आजी, ही खोली साडेनऊ भरत नाही,” ती म्हणाली. “नऊ पूर्णांक शून्य आठ येतेय. आणि दोन्ही दारं सत्त्याऐंशी आहेत.”

मी म्हटलं, यंत्र बिघडलं असेल. तिने शांतपणे पिशवीतून टेप काढली आणि तिचं एक टोक माझ्या हातात दिलं. सत्त्याऐंशी. डावऱ्याची नजर स्वतःच्या पायाच्या अंगठ्यावर होती.

“तीन सेंटीमीटरने माणूस अडतो का?” मी विचारलं. माझा आवाज मलाच भांडकुदळ वाटला.

तिने वाद घातला नाही. दारात उभी राहिली, दोन्ही हात कमरेशी असे धरले की जणू खुर्चीत बसली आहे आणि चाकं फिरवते आहे, आणि चौकटीतून पुढे आली. दोन्ही कोपरं चौकटीला घासली. “मी बारीक आहे,” ती म्हणाली. “दुसऱ्याने ढकललं तर खुर्ची जाईल. स्वतः चाकं फिरवून जायचं असेल तर रोज बोटं सोलतील.”

स्वतः, हाच तर शब्द होता.

तिने कागदावर लिहिलं, समजावून सांगितलं. ह्या स्थितीत सही करता येत नाही. अठ्ठावीसला ह्या बाजूला तिची दुसरी पाहणी आहे, तेव्हा पुन्हा येईल. त्यानंतर तीसच्या आत तिला येता येणार नाही. जाताना झाडाखाली थांबून ह्यांना नमस्कार केला. हे म्हणाले, “बरं.”

ती गेल्यावर सुनेने काही न बोलता काठी जमिनीवर आडवी ठेवली आणि बाजूला टेप धरली. मला आकडे येतात. सत्त्याऐंशीच्या पुढे लाकूडच नव्हतं.

मी काठी उलटी करून तिचं खालचं टोक पाहिलं. जुन्या वहाणेची टाच झिजते तसं ते तिरकं झिजलं होतं, एका बाजूला जास्त, कारण हे एकाच बाजूला भार द्यायचे. पाच वर्षं. बांधावरच्या दगडांवर, बाजाराच्या फरशीवर, संडासाच्या त्या चाळीस पावलांवर जाऊन येऊन. ते लाकूड कुठे सांडलं नव्हतं, आमच्याच वाटेवर पडलं होतं. रोज मी ती वाट झाडत होते. चार काठ्या मोजल्या तेव्हा चार वेळा मी तेवढं कमी मोजलं.

डावऱ्याला मी विचारलं, तुला कळलं नव्हतं का. तो पायाने माती उकरत राहिला. मग म्हणाला, पहिल्याच दिवशी दोरी लावली तेव्हा नजरेला आखूड वाटली होती.

“मग तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस का?”

“उस्ताद समोर बसले होते, काकू. त्यांच्या काठीला मी टेप कशी लावू?”

मीही तेच केलं होतं.

भिंत हलवायची तर कुठे, हा प्रश्न होता. एका अंगाला रस्त्याचे सहा मीटर, दुसऱ्या अंगाला झाडाचे दोन मीटर, तिथे बोटभर जागा नाही. मागच्या अंगाला संडास. राहिली एकच भिंत, स्वयंपाकघराकडची. स्वयंपाकघराला ठरल्यापेक्षा जागा जास्त होती, नियमात बसत होतं. पण ती जास्तीची जागा सुनेने मागून घेतली होती. तिथे खिडकीशी तिचं शिवणयंत्र बसणार होतं. लग्नात माहेराहून आणलेलं ते यंत्र सहा वर्षं पोत्यात गुंडाळून खाटेखाली पडलेलं. ह्या घराबद्दल तिने तोंड उघडून मागितलेली ती एकच गोष्ट. मुलगा माझ्याकडे बघत होता, डावरा भिंतीकडे.

“वीतभर माझ्याकडून घ्या,” सून म्हणाली. “यंत्राचं बघू नंतर.”

दुसरी कुणी असती तर टेपची आठवण काढली असती. मी असते तर गावभर काढली असती. तिने पदर खोचला आणि विटा उचलायला रिकामं घमेलं शोधायला गेली.

मी सगळ्यांना एकच सांगितलं. ह्यांना काठीचं कळता कामा नये. चूक माझी म्हणायची. माझ्या चुका ह्यांना सवयीच्या आहेत, एक वाढली तर आभाळ कोसळत नाही. पण ती काठी म्हणजे त्यांचा शब्द होता. बाकीचे शब्द गेले, हा एक राहिला होता, तो खोटा पडलेला त्यांना दिसू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी डावऱ्याने भिंतीच्या माथ्यावर हातोडा घातला. पहिली वीट निघाल्याचा आवाज झाला आणि झाडाखालची खुर्ची करकरली. मी पदराने तोंड पुसत गेले आणि आधीच ठरवलेलं सांगितलं. मोजताना माझं लक्ष नव्हतं, मधे एका ठिकाणी खाचेवरच खूण केली, टोकावर नाही. आता डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत. वीतभर सरकवायची आहे, आठ दिवसांचं काम.

हे माझ्याकडे बघत राहिले. तीस वर्षं मी ह्यांच्या मागे विटा मोजून दिल्या आहेत, शंभरात एक चुकली नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांनी डावा हात पुढे केला आणि जुन्या खोल्यांकडे बोट केलं. मग मुठीने काठी धरल्यासारखं केलं.

मी म्हटलं, कशाला आता ती. ते म्हणाले, “बरं.” हा रागाचा होता.

काठी आणून दिली. त्यांनी खुर्ची ढकलायला लावली, जुन्या खोलीच्या दारापर्यंत. दाराच्या खांबावर एक खाच आहे. मी रोज तिथे हात टेकवून उंबरा ओलांडते, मुलगा लहान असताना त्याची उंची त्याच खाचेशी बघायचो. ती कशासाठी आहे हे मी विसरूनच गेले होते. मेस्त्री लोक काठी करतात त्या दिवशी तिचं मूळ माप घरात कुठेतरी कोरून ठेवतात. काठी हरवली, मोडली, तर माप राहावं.

त्यांनी काठी खांबाला लावून जमिनीवर उभी केली. काठीचं डोकं खाचेपर्यंत पोचलं नाही. मधे फट राहिली. त्या फटीत त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं आडवी ठेवली. जणू ती जागा त्या बोटांच्या मापानेच राहिली होती.

मग माझ्याकडे पाहिलं.

मला चहाचे ते दोन कप आठवले. फुटलेला कान आठवला. हा माणूस झाडाखालून ओरडून सांगत होता की दोन बोटं वाढवून घे, आणि मी त्याला चहा पाजत होते. काठी झिजते आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. कळणारच. रोज तिच्यावर भार टाकणारा हात रोज तेवढाच खाली जात होता. चाळीस वर्षं ज्याची नजर दोरीइतकी सरळ, त्याला स्वतःच्या हाताखालचं लाकूड कळणार नाही? लपवत होते सगळे, आणि ज्याच्यापासून लपवत होते त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

मी उंबऱ्यावर बसले. पाय थकले होते असं म्हणा.

“मग कप फोडायच्या ऐवजी माझं डोकं फोडायचं होतं,” मी म्हटलं.

“बरं,” ते म्हणाले, आणि चांगल्या बाजूचा अर्धा ओठ हलला. काठीचं झिजलेलं टोक अंगठ्याने चोळलं, आणि तीच काठी हळूच माझ्या पायावर टेकवली. तरुणपणी मी घमेलं घेऊन उन्हात रेंगाळले की अशीच टेकवायचे. चल, काम पडलंय.

त्या दिवसापासून कामाला मेस्त्री लाभला. खुर्ची झाडाखाली राहीना, भिंतीशी आणावी लागली. डावऱ्याने टेप लावली की हे मान हलवायचे, दोरी ताणली की एक डोळा मिटायचे. ओळंबा सोडला आणि केसभर जरी ढळला की काठीने विटेवर टकटक. एकदा डावऱ्याने लावलेला अख्खा थर काढायला लावला. तो मला हळूच म्हणाला, काकू, बोलत होते तेव्हा एवढे कडक नव्हते. पण हसत होता, आणि काढलेल्या विटा पुन्हा लावताना त्याचा हात पोरासारखा चालत होता.

मी आणि सून जुन्या विटांचा मसाला थापीच्या पाठीने ठोकून काढायचो. दोघी समोरासमोर, मधे ढीग. तिच्या बोटांना मी चिंध्या बांधून दिल्या. तेल चोळून द्यायचं मनात होतं, पण मग तिला वाटलं असतं सासू आजारी पडली.

चौथ्या दिवशी मी मुलाला घेऊन माझी आखलेली खोली बघायला गेले. लहानच, पण तिला पूर्वेकडे मोठी खिडकी. सकाळचा उजेड थेट खाटेवर यावा म्हणून मी भांडून मागितलेली. मी त्याला म्हटलं, खाट भिंतीकडे सरकेल, म्हाताऱ्या माणसाला झोपायला उजेड कशाला हवा. खिडकीशी यंत्राला जागा होईल. तिला सांगू नकोस, फुगेल. त्याने त्याच संध्याकाळी सांगितलं, कारण दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात वाढताना तिने माझ्याकडे बघितलं नाही आणि भाजी दुप्पट वाढली.

दारांच्या कडेच्या विटा डावऱ्याने काढल्या, चौकटी मुलाने वखारीत नेऊन रुंद करून आणल्या. त्याच फेरीत लोखंडी नळीचा एक तुकडाही आणला. डावऱ्याने तो तापवून काठीच्या झिजलेल्या टोकावर टोपीसारखा ठोकून बसवला, कमी जास्त करत, घासत, खांबावरच्या खाचेशी पुन्हा पुन्हा धरत. जेव्हा काठीचं डोकं आणि खाच एका रेषेत आलं तेव्हा ह्यांनी फटीत बोट घालून पाहिलं. बोटाला जागा नव्हती.

अठ्ठावीसला मापवाली आली ती दुपार कलल्यावर. आम्ही सकाळपासून भिंतीला पाणी मारून मारून थकलो होतो, मी साडीचा ओला काठ पिळत उभी होते. तिने सांगितलं, आधीच्या पाहणीत उशीर झाला. मग बूट झटकून थेट ह्यांच्या खोलीत गेली. तांबडा ठिपका नव्या भिंतीवर उठला. मला तो बघवेना, मी सुनेचा हात धरला. धरला म्हणजे, जवळ होता म्हणून.

“नऊ पूर्णांक चौऱ्याऐंशी,” मापवालीने वाचलं. दारापाशी आली. “एक्याण्णव. दुसरं पण एक्याण्णव.”

तिने कागद भिंतीवर टेकवून सही केली. डावरा बाहेर जाऊन विडी पेटवायला लागला, मग ह्यांना पाहून विझवली. ती निघाली तशी ह्यांनी काठी आडवी धरून तिची वाट अडवली. मुलगा पुढे आला, बाबा, त्यांना जाऊ दे. पण पोरीला कळलं. तिने पिशवीतून टेप काढली, गुडघ्यावर बसली आणि ह्यांच्या मांडीवरच्या काठीला लावली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, लोखंडी टोपी धरून.

“एक्याण्णव,” ती म्हणाली. “अगदी बरोबर आहे, आजोबा.”

“बरं,” हे म्हणाले. सहा वर्षांत मी हजारो बरं ऐकले, हा पहिल्यांदाच ऐकला. ह्यात सगळे गेलेले शब्द होते.

ती गेल्यावर ह्यांनी पुन्हा दोन बोटं वर केली. मी काठी घेतली, दारात जाऊन आडवी लावली, दुसऱ्या दाराला लावली, भिंतीशी वाकले. काही कमी दिसेना. मागून करकर आवाज आला, वळून पाहिलं तर हे चुलीवरच्या किटलीकडे बोट करत होते. सून तोंडाला पदर लावून हसत होती. ह्या वेळी खरंच दुसरा कप हवा होता.

छत टाकलं, गिलावा झाला, दारं बसली. सामान न्यायला एक दिवस पुरला, आमच्याकडे होतं काय. सुनेचं यंत्र सगळ्यात आधी गेलं. शेवटी हे राहिले. मुलाने नेहमीसारखा बगलेत हात घालायला पुढे केला, ह्यांनी काठीने तो बाजूला केला. डाव्या हाताने एक चाक, डाव्या पायाने जमीन रेटत, वाकडेतिकडे, थांबत, खुर्ची निघाली. उंबरा नव्हता. दारातून गेली. कोपर घासलं नाही.

खोलीत एक वळण घेतलं, भिंतीवरून हात फिरवला, दोन ठिकाणी गिलाव्याला टिचकी मारली. मग संडासाच्या दारातून आत गेले. मी सवयीने मागोमाग निघाले, पाय धरायला. ह्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, डाव्या हाताने दार ओढलं, आणि ते माझ्या नाकासमोर बंद झालं.

आत कडी लागली.

मी तिथेच उभी राहिले. हातांना काय काम द्यावं कळेना, म्हणून चौकटीवरची धूळ पुसली. आतून काही पडल्याचा आवाज येत नव्हता. बराच वेळ गेला. मुलगा खालच्या आवाजात म्हणाला, आई, बाहेरून उघडता येते ती कडी, बघू का.

मला ठाऊक होतं कशी उघडते. चौदावी अट. मी त्याचा हात धरून त्याला बाहेरच्या खोलीत आणलं आणि बसवलं.